अपार्थाइड : कायदा गेला, नकाशा राहिला

दक्षिण आफ्रिकेतील अपार्थाइडला मराठीत आपण 'वर्णभेद' म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण त्याने दोन घोटाळे होतात. 'वर्ण' म्हणजे कातडीचा रंग आणि 'वर्ण' म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण, हे दोन्ही अर्थ त्यात मिसळतात आणि तिथले व इथले सारे एकच, असे आपण घाईने म्हणून टाकतो. दुसरा घोटाळा अधिक मोठा आहे. 'भेद' म्हटले की तो माणसाच्या मनातला दोष वाटतो. गोऱ्यांच्या मनात काळ्यांविषयी तिरस्कार होता, मंडेला तुरुंगातून सुटले, मने स्वच्छ झाली आणि भेद संपला, अशी गोष्ट माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांतून त्यांना याहून वेगळे काही मिळत नाही.

'अपार्थाइड' हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द. त्याचा सरळ अर्थ 'वेगळेपण'. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली तेव्हापासून १९९४ पर्यंत हे वेगळेपण त्या देशाचे अधिकृत शासकीय धोरण होते, आणि त्याची पायाभरणी त्याच्याही आधी झालेली होती. मनातला द्वेष हे त्या व्यवस्थेचे इंधन असेल. यंत्र मात्र कायद्याचे, कचेरीचे, नोंदवहीचे आणि नकाशाचे होते. आमच्या घराण्यात सरकारी कागद वाचू शकणारा पहिला माणूस मी. आपण अंगठा कशावर उठवला हे माझ्या आजोबांना कधी कळले नाही. म्हणून असेल, पण अपार्थाइडचा अभ्यास करताना माझे लक्ष भाषणांच्या आधी कागदांकडे गेले. हे यंत्र कसे चालत होते आणि ते मोडल्यानंतरही त्याने पाडलेली चाकोरी का बुजली नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

१. आधी जमीन

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केप येथे ठाणे वसवले. पुढची दोन शतके गुलामगिरी, युद्धे आणि जमिनीची लूट यांत गेली. पण आधुनिक विलगतेचा खरा आरंभ खाणींपासून करावा लागतो. १८६७ नंतर किंबर्लीच्या परिसरात हिरे सापडले आणि १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिसरात सोने. हे सोने जमिनीच्या पोटात खोल होते आणि दगडात त्याचे प्रमाण फार कमी होते. ते काढून नफा मिळवायचा तर स्वस्त मजूर लाखांनी हवे होते. ज्याच्याजवळ स्वतःची शेती आणि गुरे आहेत असा आफ्रिकी शेतकरी खाणीत का उतरेल?

त्याला उतरवण्यासाठी कायदा आला. १८९४ चा ग्लेन ग्रे कायदा सेसिल ऱ्होड्स केपचा पंतप्रधान असताना झाला. वर्षातून काही काळ आपल्या भागाबाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषांवर त्याने कर बसवला. पुढे १९१३ चा नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्ट आला. लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश असलेल्या आफ्रिकी लोकांसाठी त्याने देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ च्या कायद्याने हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. राखीव भागाबाहेर देशाच्या बहुतेक भागात आफ्रिकी माणसाला जमीन विकत घेणे वा खंडाने घेणे बेकायदा ठरले. गोऱ्याच्या शेतावर अर्धलीने राबणारी कुटुंबे गुराढोरांसह रस्त्यावर आली. सॉल प्लाट्ये या आफ्रिकी पत्रकाराने सायकलवर फिरून ही दुर्दशा पाहिली आणि १९१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

या जमीन-कायद्याचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. पुरुष खाणीत, खाणमालकाच्या बंदिस्त बराकीत राहणार. बायको, मुले, म्हातारे आईबाप राखीव भागात राहणार. मुलांना वाढवण्याचा, आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला पोसण्याचा खर्च त्या नापीक तुकड्यावर आणि तिथल्या बायकांच्या कष्टांवर टाकून खाणमालक एकट्या पुरुषाच्या पोटापुरती मजुरी देणार. फुफ्फुसाचा आजार घेऊन तो परतला की त्याला सांभाळणार पुन्हा राखीव भागच. 'वेगळेपण' हे असे स्वस्त मजुरीचे दुसरे नाव होते. १९११ पासूनच्या कायद्यांनी खाणीतली कुशल कामे गोऱ्यांसाठी राखली, म्हणजे वर चढायची शिडीही काढून घेतली.

२. नोंद, वस्ती, पास आणि शाळा

१९४८ नंतरच्या सरकारने हे सगळे एका सूत्रात ओवले. त्यात चार गोष्टी मुख्य होत्या.

पहिली, नोंद. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद सक्तीची केली: गोरा, 'कलर्ड' म्हणजे मिश्र, आणि 'नेटिव्ह' म्हणजे आफ्रिकी, भारतीयांचा वेगळा गट पुढे पाडण्यात आला. वंश ठरवायचा कसा? दिसण्यावरून आणि आसपासचे लोक कोण समजतात यावरून. शंका आली तर अधिकारी केसांत पेन्सिल खोवून पाहत. पेन्सिल केसांत अडकून राहिली तर माणूस गोरा नाही. एकाच आईची दोन मुले दोन वंशांत नोंदली गेल्याची उदाहरणे आहेत. व्यापाराच्या सोयीसाठी १९६० नंतर जपानी माणसांना मानाने 'गोरे' धरले जाऊ लागले, तिथल्या चिनी लोकांना मात्र नाही. वंश ही निसर्गाने दिलेली वस्तू असती तर तिला कारकुनाची, अपिलाची आणि व्यापारी सवलतीची गरज पडली नसती. १९४९ च्या कायद्याने गोरे आणि इतर यांच्यातील लग्ने बंद केली, ती ही नोंदवही स्वच्छ राहावी म्हणून. विवाहबंदीशिवाय विलगता टिकत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी, वस्ती. १९५० च्याच गट-क्षेत्र कायद्याने शहराच्या नकाशावर रंग भरले. कोणत्या भागात कोणत्या वंशाने राहायचे हे सरकारी राजपत्र ठरवू लागले. जोहान्सबर्गजवळच्या सोफियाटाऊनमध्ये आफ्रिकी लोकांची स्वतःच्या मालकीची घरे होती. फेब्रुवारी १९५५ मध्ये सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात ती वस्ती उठवायला सुरुवात झाली. तिच्या जागी गोऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि तिचे नाव ठेवले गेले 'ट्रायोम्फ', म्हणजे विजय. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा सगळ्या वंशांच्या कष्टकऱ्यांचा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'गोऱ्यांचा' जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक माणसे शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर नेऊन टाकली गेली. कोकणातून गेलेली मुसलमान कुटुंबेही केपटाऊनमध्ये होती. तिथल्या भारतीयांसाठी रायलँड्ससारख्या वस्त्या ठरवल्या गेल्या. १९६० ते १९८३ या काळात देशभर सुमारे ३५ लाख लोकांना सक्तीने हलवले गेले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

या नव्या वस्त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. काळ्यांची वस्ती आणि गोरे शहर यांच्या मध्ये मोकळा पट्टा, रेल्वेमार्ग, कारखाने किंवा खाणीच्या राखेचे डोंगर. आत-बाहेर करायला एक-दोनच रस्ते, म्हणजे उठाव झाला तर वस्ती कोंडता यावी. बाजारपेठ आणि उद्योग आत वाढू द्यायचे नाहीत. वस्ती फक्त झोपण्यापुरती. अंतर हेच तिथे भिंतीचे काम करत होते.

तिसरी, पास. १९५२ मध्ये आलेल्या कायद्याचे नाव होते 'पास रद्द करणारा आणि कागदपत्रांचे एकीकरण करणारा' कायदा! सुटे पास रद्द करून त्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी माणसाच्या गळ्यात एक पुस्तिका बांधली. तीत फोटो, वंश, कराची पावती, शहरात राहण्याचा परवाना आणि दर महिन्याला मालकाची सही. लोक तिला तुच्छतेने 'डोमपास' म्हणजे 'मूर्खाचा पास' म्हणत. परवान्याशिवाय शहरात ७२ तासांहून अधिक थांबणे हा गुन्हा. कायम राहण्याचा हक्क हवा असेल तर तिथेच जन्म व सलग वास्तव्य, किंवा एकाच मालकाकडे सलग दहा वर्षे चाकरी, किंवा पंधरा वर्षांचे सलग अधिकृत वास्तव्य सिद्ध करावे लागे. मालकाची एक सही चुकली की माणूस गुन्हेगार. १९१६ ते १९८४ या काळात पास-कायद्यांखाली झालेल्या अटका आणि खटल्यांची संख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक भरते. स्त्रियांनाही पास लागू होऊ लागला तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या सचिवालयावर चालून गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पास घरी ठेवून स्वतःला अटक करवून घ्यायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मेली; पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

चौथी, शाळा. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण मिशनऱ्यांकडून काढून सरकारने ताब्यात घेतले. त्या खात्याचा मंत्री हेंड्रिक फेरवूर्ट याने हेतू लपवला नव्हता. काही ठरावीक मजुरीच्या पलीकडे ज्याला समाजात जागाच नाही, त्याला गणित शिकवून काय करायचे, असा त्याचा रोकडा सवाल होता. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात एका गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर सरकार जितका खर्च करी, त्याचा सुमारे पंधरावा हिस्सा आफ्रिकी मुलाच्या वाट्याला येई. १९५९ च्या कायद्याने विद्यापीठेही वंशवार तोडली. मी शिक्षक आहे, म्हणून या कलमापाशी थांबतो. शाळा बंद ठेवणे हा ज्ञानबंदीचा जुना मार्ग. शाळा उघडून तिच्यात कमी शिकवणे हा नवा. दुसऱ्या मार्गात मुलाला पदवी मिळते, पटावर नाव येते, सरकारचे आकडे वाढतात आणि मुलगा जिथे होता तिथेच राहतो. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची मुले आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, तेव्हा त्यांचा लढा या कमी शिकवण्याविरुद्धचाही होता. त्या उठावात शेकडो मारले गेले.

३. पायऱ्यांची उतरंड

या व्यवस्थेत फक्त काळा आणि गोरा असे दोनच मजले नव्हते. गोऱ्यांच्या खाली कलर्ड आणि भारतीय, आणि सर्वांच्या तळाशी आफ्रिकी, अशी उतरंड होती. बाबासाहेबांनी जातीविषयी जो श्रेणीबद्ध विषमतेचा विचार मांडला, तो इथे उपयोगी पडतो. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरच्याचा राग असतो, पण खालच्यापासून वेगळे राहण्याची धडपड अधिक असते. १८९५ च्या सुमारास डर्बनच्या टपाल कचेरीला दोन दरवाजे होते: एक गोऱ्यांचा, एक बाकी सर्वांचा. मोहनदास गांधी आणि नाताळ इंडियन काँग्रेस यांनी तक्रार केली आणि भारतीयांसाठी तिसरा दरवाजा मिळवला. दरवाजे वाढले, विलगता तशीच राहिली.

हीच युक्ती सरकारने १९८३ च्या घटनेत मोठ्या प्रमाणावर वापरली. संसदेची तीन सभागृहे केली: गोऱ्यांचे १७८ सदस्यांचे, कलर्डांचे ८५ चे आणि भारतीयांचे ४५ चे. आफ्रिकी बहुसंख्यांना एकही जागा नाही. पण या वेळी मधल्या पायरीवरच्या बहुसंख्यांनी हा तिसरा दरवाजा नाकारला. ऑगस्ट १९८३ मध्ये मिचेल्स प्लेन येथे युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट स्थापन झाला आणि १९८४ च्या निवडणुकीवर कलर्ड व भारतीय मतदारांनी मोठा बहिष्कार टाकला. हा बदल आपोआप घडलेला नाही. स्टीव्ह बिको आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेने १९६९ पासून 'ब्लॅक' या शब्दाला नवा अर्थ दिला होता. कायद्याने दडपलेले सगळे, मग ते आफ्रिकी, कलर्ड वा भारतीय असोत, ते 'ब्लॅक'. नोंदवहीने दिलेली नावे टाकून स्वतः घेतलेले हे नाव होते. बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात मारले गेले, तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

उतरंडीच्या तळाशी शेवटचा घाव नागरिकत्वावर होता. १९७० च्या कायद्याने प्रत्येक आफ्रिकी माणूस कुठल्या ना कुठल्या 'होमलँड'चा नागरिक ठरवला गेला, मग त्याने तो प्रदेश कधी पाहिलेला असो वा नसो. ट्रान्स्काय (१९७६), बोफुथात्स्वाना (१९७७), व्हेंडा (१९७९) आणि सिस्काय (१९८१) यांना 'स्वातंत्र्य' देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेबाहेरच्या एकाही देशाने ते मानले नाही. हेतू सरळ होता: आफ्रिकी माणूस परदेशी ठरला की त्याला मताचा हक्क देण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि मजूर म्हणून त्याला बोलावता येते.

४. रद्द झाले ते आणि राहिले ते

देशातील उठाव, कामगारांचे संप, बाहेरचे बहिष्कार आणि खचत चाललेली अर्थव्यवस्था यांनी ही व्यवस्था मोडली. पास-कायदे १९८६ मध्ये गेले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्याच वर्षी सार्वजनिक जागांतील विलगतेचा कायदा गेला. १९९१ मध्ये जमीन-कायदे, गट-क्षेत्र कायदा आणि लोकसंख्या नोंदणी कायदा गेले. एप्रिल १९९४ मध्ये सर्वांनी मतदान केले. हा विजय लहान नाही. ज्या बाकावर बसल्याबद्दल तुरुंग होता त्या बाकावर बसता येणे, पास न दाखवता रस्त्याने चालता येणे, याची किंमत ज्याने ते भोगले त्याला कळते.

पण हा बदल वाटाघाटींतून झाला आणि वाटाघाटींत दोन्ही बाजू काही राखतात. १९९६ च्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने जमीन-सुधारणेचे कर्तव्य सरकारवर टाकले, पण विद्यमान मालमत्तेलाही संरक्षण दिले आणि जमीन घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यायचा असे ठरवले. हिरावलेल्या जमिनीवर दावा करण्यासाठी १९ जून १९१३ ही सीमारेषा ठरली; त्याआधी दोन-अडीचशे वर्षांत गेलेली जमीन दाव्याच्या बाहेर राहिली. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमिनीचे फेरवाटप करण्याचे उद्दिष्ट होते. ते पाच वर्षांत तर नाहीच, पुढच्या दशकांतही गाठले गेले नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या नावावर होती. २०२२ च्या जनगणनेत गोरे सुमारे ७ टक्के होते. काही प्रसंगी बिनमोबदला जमीन घेण्याची तरतूद असलेल्या कायद्यावर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि त्यावर देशात व देशाबाहेर किती गदारोळ उठला ते पाहिले म्हणजे खरी नस कुठे आहे हे कळते.

सत्य आणि समेट आयोगाचे मोठे कौतुक झाले. आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली त्याने छळाच्या आणि खुनांच्या कहाण्या जगापुढे आणल्या, हे काम मोलाचेच. पण खून, अपहरण, छळ आणि गंभीर दुर्वर्तन एवढेच त्याच्या कक्षेत होते. महमूद ममदानी यांनी यावर नेमके बोट ठेवले आहे. पासामुळे तुरुंगात गेलेले लाखो आणि घरातून उठवलेले लाखो या आयोगाच्या लेखी 'बळी' ठरलेच नाहीत, कारण त्यांच्यावरचा अन्याय त्या वेळच्या कायद्याने झालेला होता. मारेकरी सापडले, माफी मागितली गेली. लाभधारकाला कोणी काही विचारले नाही. ज्यांना बळी म्हणून मान्यता मिळाली त्यांना २००३ नंतर एकदाच ३०,००० रँड देण्यात आले.

शहराचा नकाशा तर अधिकच चिवट ठरला. १९९४ नंतरच्या सरकारने गरिबांसाठी ३० लाखांहून अधिक घरे बांधली, हे खरोखर मोठे काम आहे. पण स्वस्त जमीन मिळते ती शहराच्या कडेला, जुन्या काळ्या वस्त्यांच्याही पलीकडे. म्हणजे नव्या सरकारची घरे जुन्या सरकारच्या नकाशावरच उभी राहिली. केपटाऊनच्या मध्यापासून सुमारे तीस किलोमीटरवरची खायेलित्शा ही वस्ती अपार्थाइडने ऐंशीच्या दशकात वसवली. तिथली कामगार स्त्री पहाटे उठून मिनीबस टॅक्सीने शहरात जाते आणि मजुरीचा मोठा भाग भाड्यात घालवते. तिला कोणी अडवत नाही. पास मागत नाही. अंतर मात्र तेच आहे आणि भाडे तिनेच भरायचे आहे. जो भेद कायदा करत होता तो आता घराची किंमत करते, शाळेची फी करते, खाजगी पहारेकऱ्यांनी वेढलेली वसाहत करते. जगातील सर्वांत विषम उत्पन्न असलेल्या देशांत दक्षिण आफ्रिकेचे नाव आजही घेतले जाते.

५. आपला संबंध

आपल्या देशाचे या प्रश्नाशी जुने नाते आहे. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि तिच्याशी व्यापार तोडला. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंग यांच्याबरोबर 'कूळ' हा आधार भारताच्याच सूचनेवरून आला. मात्र २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित प्रतिनिधींनी जातीचा प्रश्न मांडला तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. दुसऱ्या देशाच्या कायद्यातला भेद 'अंतर्गत प्रश्न' मानायला १९४६ साली भारताने नकार दिला होता, हे विसरता येत नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने 'कूळ' या शब्दात जातीवर आधारित भेद येतो, असे स्पष्ट केले.

जात म्हणजे वंश नव्हे, हे मलाही मान्य आहे. अपार्थाइड एका सरकारने काही दशकांत कायदे करून रचले. त्याची कलमे, तारखा आणि सह्या दाखवता येतात. आपला गावकुसाबाहेरचा वाडा कोणत्या राजपत्राने ठरवला हे कोणी दाखवू शकणार नाही. तो धर्माने आणि रूढीने ठरवला आणि राज्यकर्त्यांनी तो पाळला. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेचा अनुभव आपल्याला अधिक सावध करतो. जिथे सगळा भेद लेखी कायद्यात होता आणि ते सगळे कायदे पाच-सहा वर्षांत रद्द झाले, तिथेही जमीन, वस्ती आणि शाळा यांची वाटणी तीस वर्षांत हलली नाही. जिथे भेदाला लेखी कायद्याची गरजच नव्हती, तिथे एका कलमाने तो संपला असे मानणे हा भाबडेपणा होईल.

दक्षिण आफ्रिकेचा विषय वर्गात किंवा अभ्यासवर्गात घेताना तो मंडेलांच्या सुटकेवर संपवू नये, अशी शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना माझी विनंती आहे. १९१३ चा जमीन-कायदा, १९५० चा गट-क्षेत्र कायदा आणि २०१७ ची जमीन-पाहणी ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून शिकवावीत. भेद संपला का, या प्रश्नाचे उत्तर कोण कोणाशी किती गोड बोलतो यात मिळत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे, कामाला जायला कोणाला किती चालावे लागते आणि कोणाच्या मुलाला शाळेत खरोखर काय शिकवले जाते, या तीन प्रश्नांत ते मिळते. जोहान्सबर्गला आणि केपटाऊनला तिथली माणसे हे प्रश्न आजही विचारत आहेत, आणि त्यांचा लढा १९९४ ला संपला असे त्यांच्यापैकी कोणी मानत नाही.